खोर फक्कानला घर बघायला

साताऱ्याच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. वाळवंटी प्रदेशाचा धडा आला की मी फळ्यावर वाळूच्या टेकडीची आकृती काढते. वारा येतो ती बाजू लांबट उताराची, पलीकडची खडी. मुलं ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बरोब्बर उलटी काढतात. इतकी वर्षं हे चाललं आहे, पण वाळवंट मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे दुबईहून धाकट्या भावाचा, शेखरचा फोन आला, तेव्हा रजेचा अर्ज मी त्याच दिवशी लिहिला.

शेखरने मला वाळवंट दाखवायला बोलावलं नव्हतं हेही सांगून टाकते. २००८ सालचा तो हिवाळा. समुद्रात भर घालून जमीन तयार करणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनियर होता. मंदी आली आणि त्याचं काम अर्ध्यात थांबलं. त्याला घरी बसवलं नाही, पण खोर फक्कानला जा म्हणून सांगितलं. खोर फक्कान म्हणजे देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचं, डोंगरापलीकडचं बंदराचं गाव. तिथे लाटा अडवणाऱ्या बांधाचं काम सुरू होतं. पगार कमी, गाव लहान. त्याची बायको मधुरा म्हणाली, "तू जा. मी इराला घेऊन पुण्याला जाते." बकरी ईदची सुट्टी संपली की त्याला ऑफिसात उत्तर द्यायचं होतं. घराचं काय, सगळ्यांनी एकत्र जायचं की तो एकटा, हे तोपर्यंत ठरायला हवं होतं.

"ताई, तू ये," शेखर फोनवर म्हणाला. "कंपनी तिथल्या फ्लॅटची किल्ली दोन रात्रींसाठी देते आहे, बघून घ्या म्हणून. मधुरा माझ्याबरोबर यायला तयार नाही. तू असलीस तर येईल."

"मी तिला समजावणार नाही हां. आधीच सांगते."

"नको समजावूस. तू नुसती माहिती सांगत बस. तू सुरू झालीस की बाकीच्यांना भांडायला सवडच मिळत नाही."

सख्ख्या भावाचं माझ्याविषयीचं मत हे असं आहे.

पहिला किनारा

शेखर राहायचा इंटरनॅशनल सिटीत. तिथल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. शेखरचा गट ग्रीस. पत्ता ग्रीसचा, शेजारी केरळचे, खालचं दुकान पाकिस्तानी आणि जिन्यात वास फोडणीचा. घरं लहान, पण चालण्याजोगे रस्ते आणि गाडी लावायला मोकळी जागा. संध्याकाळी त्या पार्किंगमध्ये आपल्या बायका फेऱ्या मारतात. पहिल्याच दिवशी मधुरा मला खाली घेऊन गेली. दोन फेऱ्या होईतो आम्ही दोघींच्या सहाजणी झालो होतो. कोणाच्या मुलाला ताप आहे, कोणाचा नवरा नोकरी शोधतो आहे, कोणी सामान विकायला काढलं आहे, सगळं तिथे कळलं. विकायला काढलेलं सामान त्या वर्षी पुष्कळ होतं. सोफे, टीव्ही, मुलांच्या सायकली.

"बघितलंत ना ताई?" वर येताना मधुरा म्हणाली. "खाली येऊन हाक मारली की माणसं जमतात. मला माणसं लागतात हो. तिकडे मी कोणाला हाक मारू? बोटींना?"

मी तिला समजावायला गेले नाही. कबूल केलं होतं तसं वागत होते.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो. हा आखाती समुद्र पाहून कोकणातल्या माणसाला चुकल्यासारखं होईल. लाटा जवळजवळ नाहीत. खूप आतपर्यंत पाणी गुडघ्याएवढं. पुस्तकात लिहिलेलं खरं आहे: समुद्र उथळ, तोंड चिंचोळं, उन्हाने वाफ होते आणि गोड्या पाण्याची भर फार थोडी पडते. या देशात तर बारमाही वाहणारी नदी एकही नाही. मी बोट बुडवून चव घेतली. आपल्या समुद्राहून खारट आहे. इरा, माझी भाची, आठवीत होती. ती म्हणाली, "आत्या! दॅट्स सो ग्रोस."

"तुझ्या भूगोलाच्या बाई करत नाहीत असं?"

"शी हॅज अ प्रोजेक्टर."

शेखरने लांब बोट दाखवलं. क्षितिजाच्या अलीकडे पाण्यात वाळूची एक पिवळी पट्टी दिसत होती, नुसती पट्टी, वर काही नाही. तळाची वाळू उपसणारी जहाजं नांगर टाकून उभी होती. ती पट्टी त्याच्या हातची. अर्ध्यात थांबलेलं काम ते.

येताना शहराबाहेर एका ठिकाणी थांबलो. तिथे मिठाची पठारं आहेत, त्यांना सबखा म्हणतात. वरून पांढरट, खपलीसारखी भेगाळलेली जमीन, दूरवर सपाट. आपल्याकडची खाजणं उन्हाळ्यात सुकतात तशी, पण इथे बारा महिने. मी टाचेने खपली फोडली. खाली ओला चिखल. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: टणक दिसते म्हणून तिच्यावर गाडी घालू नये.

आडवा देश

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सामानाची यादी मी केली होती. पाणी, पांघरुणं, दोन पातेली, कुकर, चहासाखर, मेणबत्त्या. रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायचं होतं. "मेणबत्त्या कशाला?" मधुराने विचारलं. "इथे लाइट जात नाहीत हो, ताई." मी तरी घेतल्या.

या देशाची मौज अशी की तो आडवा ओलांडायला गाडीने एक सकाळ पुरते, आणि तेवढ्यात धड्यातली सगळी चित्रं एकामागून एक येऊन जातात. शारजा सुटलं की पहिल्यांदा फिकट वाळू. मग तिचा रंग हळूहळू बदलतो. आत जाल तशी ती तांबूस होते, पुढे थेट विटकरी. लोखंडाचा गंज आहे तो, कणाकणाला चढलेला. शेखरने गाडी कडेला घेतली. मी चपला काढून एका टेकडीवर चढले. वाऱ्याची बाजू लांब उताराची, पलीकडची खडी. आकृती बरोबर होती.

उतरताना पायथ्याशी एक झाड दिसलं. बारीक पानं, खोडाला काटे, फांद्या खाली झुकलेल्या. इथे त्याला घाफ म्हणतात. मी पान खुडून पाहिलं, शेंग शोधली आणि खात्री केली. ही आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो ती. मधुरालाही पान दाखवलं. तिने ते हातात घेतलं, वास घेतला आणि गाडीत बसेपर्यंत टाकलं नाही.

वाळू संपली की खडीचं मैदान लागतं. डोंगरातून पुरांनी वाहून आणलेले गोटे, आणि मधून मधून बाभळीसारखी छत्रीदार झाडं. धैदच्या आसपास शेती आहे, खजुराच्या बागा आहेत. पण कडेच्या काही बागा वाळलेल्या दिसल्या, नुसते खांबासारखे बुंधे. विहिरींचं पाणी खोल गेलं आणि जे राहिलं ते मचूळ झालं, असं तिथल्या चहावाल्याने सांगितलं. चहावाला मलबारी, बोलणं हिंदीत.

मग डोंगर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला डोंगर म्हणजे थरांवर थर, वर सपाट माथा, अंगावर गवत. इथले डोंगर उघडे, काळपट तपकिरी, चुरगळलेल्या कागदासारखे. कुठेही पायरी नाही, कुठेही झाड नाही. हा दगड मुळात समुद्राच्या तळाचा, जमिनीच्या हालचालीत वर ढकलला गेलेला. मी हे सांगत असताना समोरून दगडांनी भरलेले ट्रक येत होते. एका वळणावर डोंगराची अख्खी बाजू कापलेली दिसली.

"हा सगळा दगड कुठे जातो, शेखर?"

"समुद्रात. बेटांच्या कडेला, बंदराच्या बांधाला. मी जे करणार आहे त्यालाही."

मागून इरा म्हणाली, "सो समुद्राखालचा दगड वर आला, आणि तुम्ही तो परत समुद्रात टाकता?"

"दॅट्स माय जॉब, बेटा."

"आय नो, बाबा. इट्स जस्ट फनी."

सकाळपासून पहिल्यांदा मधुरा हसली. मसाफीच्या बाजारात थांबलो. नाव शुक्रवारचा बाजार, पण भरतो रोज. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गालिचे, मडकी, रोपं, फळं. एक पपई दहा दिरहम म्हणाला. "दहा दिरहम म्हणजे एकशे तीस रुपये! एका पपईला!" मी मोठ्याने हिशेब केला. दुकानदार पठाण होता. तो हसून म्हणाला, "रुपये में मत खाओ, बहनजी. दिरहम में खाओ." घेतली. गोड होती.

दुसरा समुद्र

डोंगर संपले आणि फुजैराच्या पुढे उजवीकडे दुसरा समुद्र सुरू झाला. हा खोल, हिंदी महासागराशी थेट जोडलेला. इथे खऱ्या लाटा येतात. लांबवर जहाजांची रांग उभी होती. काम नाही म्हणून नांगर टाकून थांबलेली. डोंगर अगदी किनाऱ्यापर्यंत उतरलेले, मध्ये अर्धगोल खाडी, बंदराच्या उंच क्रेन आणि खाडीच्या कुशीत गाव. नकाशावर पाहिलेल्या खोर फक्कानहून ते कितीतरी देखणं आहे.

आम्ही खाली उतरलो आणि सगळ्यांनी एकदम नाकाला रुमाल लावले.

समुद्र लाल होता. सूर्यास्ताचा लाल नव्हे, काढा उकळल्यासारखा तपकिरी लाल. किनाऱ्याला फेसाची मळकट रेघ आणि तिच्यात मेलेले मासे. लहान मोठे, पोट वर करून. सूक्ष्म शेवाळासारखे जीव पाण्यात अतोनात वाढतात, तेव्हा असं होतं. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. पुस्तकात दोन ओळी आहेत यावर. त्या दोन ओळींत वास नाही.

"इथे राहायचं?" मधुरा म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

"हे कायमचं नसतं. जातं," शेखर म्हणाला.

"कधी?"

  मी माहिती सांगणं बंद केलं.

आमची एक हास्यास्पद चूकही इथे सांगते. वास जरा सोसवेल अशा टोकाला आम्ही बाकावर बसलो, सूर्यास्त बघू म्हणून. समुद्राकडे तोंड करून बराच वेळ बसलो. अंधारायला लागलं तरी सूर्य काही समुद्रावर येईना. मग इरा म्हणाली, "आत्या, यू टीच जिऑग्रफी, राइट?" हा पूर्व किनारा. सूर्य केव्हाच आमच्या पाठीमागे डोंगराआड गेला होता. समुद्र म्हणजे पश्चिमेला, ही आपल्याकडची सवय, दुसरं काय.

बादल्या

कंपनीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, समुद्राकडे खिडक्या असलेला. खोल्या मोठ्या, स्वयंपाकघर मधुराच्या दुप्पट. तिने एकही कपाट उघडून पाहिलं नाही. शेखर आणि इरा पाव, दूध आणायला बाहेर गेले. मी सवयीने लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद वाचला होता. समुद्राचं पाणी गोडं करून गावाला पुरवतात, ते केंद्र या लाल पाण्यामुळे मधून मधून बंद ठेवावं लागत होतं. पुरवठा कमी आहे, पाणी जपून वापरा, असं अरबीत आणि इंग्रजीत लिहिलेलं.

साताऱ्याच्या बाईला हे वाचून एकच गोष्ट सुचते.

"मधुरा, पाणी जाणार आहे. भरून ठेवू."

मधुरा मूळची सांगलीच्या गल्लीतली. दुबईत आल्यापासून तिला पाणी भरावं लागलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. दोन बाथरूममधल्या बादल्या, स्वयंपाकघरातले डबे, आमची दोन्ही पातेली, कुकर, कुकरचं झाकण, फ्रीजमधले ट्रे. मोठ्या बाथरूममध्ये टब होता, तो काठोकाठ. कोपऱ्यात कचऱ्याचा नवा डबा होता, आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. "हाही?" मी विचारलं. "हाही," ती म्हणाली. सगळे नळ एकदम सोडलेले. दुपारपासून गप्प असलेली ती आता मला हुकूम सोडत होती आणि मी ते ऐकत होते. अर्ध्या तासात घरात भांडं म्हणून रिकामं राहिलं नाही.

मग नळाने घरघर केली आणि पाणी थांबलं.

"बघितलंस? वेळेवर भरलं," मी म्हणाले.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. दारात इमारतीचा रखवालदार, ज्याला तिथे नातूर म्हणतात. बांगलादेशी, पन्नाशीचा, घामाघूम.

"मॅडम, आपने पानी खोला?"

"हां. थोडा भर के रखा."

त्याने आत डोकावून पाहिलं. ओळीने बादल्या, ओट्यावर कुकर. त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, ऊपर एक ही टंकी है. पूरा बिल्डिंग का. सुबह टँकर आएगा. टंकी खलास!"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. नळाचं पाणी म्हणजे रस्त्यातल्या पाइपातून येणारं, न भरलं तर दुसऱ्याच्या घरी जाणारं, अशी आमची समजूत. इथे आम्ही वरच्या टाकीतलं सगळ्यांचं पाणी आमच्या कुकरमध्ये आणून ठेवलं होतं. आणि ईदचे दिवस. घरोघरी पाहुणे, जेवणाची भांडी, नमाजाआधी हातपाय धुणं. नातूरच्या मागे जिन्यात माणसं उभी होती. पहिल्या मजल्यावरची एक वयस्क सुदानी बाई, अंगाभोवती सुंदर रंगीत वस्त्र गुंडाळलेली, एका हातात रिकामा तांब्या. ती काहीतरी अरबीत म्हणाली आणि हसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मधुरा माझ्याकडे वळली. "ताई, बादल्या उचला."

आम्ही दोघींनी लिफ्टमधून बादल्या खाली न्यायला सुरुवात केली. नातूर मजल्यावरच्या घंटा वाजवत पुढे, आम्ही मागे. प्रत्येक दारात मधुरा आधी "सॉरी, सॉरी" आणि मग बादली. शेखर आणि इरा परत आले तेव्हा आम्ही जिन्यात होतो, कारण लिफ्टमध्ये पाणी सांडलं म्हणून नातूरने ती बंद केली होती.

"काय चाललंय काय?" शेखर ओरडला.

"विचारू नकोस. ही बादली धर. अगं इरा, पातेलं सरळ धर ना, सांडतंय सगळं!" मधुरा जिन्यातून ओरडली.

दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं. डोक्यावरून ओढणी घेतलेली, गोल चेहऱ्याची बाई बाहेर आली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"मराठी हाय काय तुमी?"

"हो," मधुरा म्हणाली. हातात कचऱ्याचा डबा.

"तरीच! मी नवऱ्याला म्हटलं, टाकी अशी एका फटक्यात कोण रिकामी करील? आपल्याकडचंच माणूस असणार." ती आत वळून ओरडली, "ओ, ऐकलंत काय? पाण्याचे चोर सापडले! आपलेच निघाले!"

ती कौसरभाभी. मूळ गाव दापोलीजवळ, नवरा नझीरभाई बंदरावर जहाजांना भाजीपाला आणि सामान पुरवणारा. नातूर मागून म्हणाला, "ये मॅडम भी पहले दिन ऐसाही किया था."

"गप रे तू," कौसरभाभी म्हणाली. "मी टब नव्हता भरला."

कौसरभाभीचं जेवण

सकाळी टँकर आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. खाली मधुरा उभी होती, कौसरभाभीच्या शेजारी. टँकरवाला आधी पलीकडच्या इमारतीला पाणी देणार म्हणत होता. त्या दोघी एकदम बोलत होत्या, एक हिंदीत, एक हिंदी आणि अरबी मिसळून. "यल्ला, यल्ला, पहले इधर!" हे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. पाइप आधी आमच्या टाकीला लागला.

दुपारी जेवायला तिच्याकडे. ईदचं मटण, तांदळाची वाफवलेली सांदणं आणि शेवटी वाटीभर नारळाच्या दुधातली खीर. मासे नव्हते.

"मासे नाय म्हणून लाज वाटते," ती वाढताना म्हणाली. "कोकणातल्या माणसाच्या घरी पाहुणे यायचे आनि मासे नाय! होड्या नुसत्या वाळूत पडून हायत. पन जाईल हे. पानी बदललं की जाईल."

"तुम्हाला कसं माहीत?" मधुराने विचारलं.

"मला काय माहीत! इन्शाल्ला म्हनायचं. तुमी काय म्हनता अशा वेळी?"

"बघू म्हणतो."

"तेच ते."

शेखर आणि नझीरभाई बाहेरच्या खोलीत जहाजांविषयी बोलत होते. इरा त्यांच्या मुलीबरोबर आत होती, दोघी इंग्रजीत. फुजैराच्या भारतीय शाळेची बस गावातून जाते आणि तिच्यात मागची सीट पकडायला काय करावं लागतं, एवढं आमच्या कानावर आलं. मधुराने हातातली सांदणाची बशी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "भाभी, इथे एकटं वाटत नाही?"

कौसरभाभीने लगेच नाही म्हटलं असतं, तर मला वाटतं मधुराचा तिच्यावरचा विश्वास उडाला असता.

"वाटतं की. पहिलं वरीस तर रडून काढलं. सगळा गाव बंदराचा, बायका घरात. आताही कधी कधी वाटतं. पन खरं सांगू? त्याच्या आधी मी गावी होते, सासूबाईंजवळ. हे इकडे. गावात आमच्या सगळ्या घरांतून असंच. हे सुट्टीला यायचे. ट्रंक भरून वस्तू. पोरगी त्यांना बघून माझ्या मागं लपायची. हे तिला चॉकलेट दाखवून बोलवायचे, शेजारच्या मांजराला बोलवावं तसं. मग ती जवळ यायला लागली की ह्यांची सुट्टी संपायची." तिने मधुराच्या ताटात आणखी एक सांदण वाढलं. "तिकडे घर भरलेलं होतं हो. माझ्याच वाटचं मानूस नव्हतं. खा, थंड होईल."

मधुराने ते खाल्लं.

जेवणानंतर नझीरभाईंनी आम्हाला वुराया खोऱ्यात नेलं. शेवटचा टप्पा पायी. कोरड्या नदीपात्रातले गोटे माणसाच्या डोक्याएवढे आणि चांगले वाटोळे. पाणी दिसत नाही, पण पाण्याशिवाय ते गोल झाले नसते. पाऊस वर्षातून क्वचित पडतो, पडला की डोंगरावर माती नाही, झाड नाही, सगळं पाणी एकदम पात्रात उतरतं. म्हणून ढग दिसत असताना अरबीतल्या 'वाडी'त, म्हणजे अशा पात्रात, थांबू नये. माझ्या चपलेचा पट्टा तुटला आणि मी एक पाय अनवाणी चालले. जाणाऱ्यांनी बूट घालावेत.

पुढे वळणावर खरोखरच पाणी होतं. खडकावरून पडणारी बारीक धार, खाली डोह, कडेला बोरू आणि कण्हेर. एवढ्या उघड्या डोंगरात ते हिरवं पाहून आम्ही सगळे थेट पाण्याकडे गेलो. खडकांवर लोकांनी रंगाने नावं लिहिली होती आणि बाटल्यांचा खच पडला होता, तेही सांगायला हवं.

मधुरा डोहाच्या कडेला पाय सोडून बसली. मी शेजारी बसले.

"ताई, तुम्ही काहीच बोलला नाहीत. शेखरने शिकवून आणलं असेल असं वाटलं होतं मला."

"त्याने बोलू नको म्हणून सांगितलं होतं."

"आणि तुम्ही ऐकलंत?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "पार्किंगमधल्या बायकांतल्या निम्म्या मार्चपर्यंत नसतील. सामान विकून चालल्यात. मी ज्यांच्यावाचून करमणार नाही म्हणते ना, त्या तिथे नसणारच आहेत."

मी चपलेचा तुटलेला पट्टा गाठ मारून बांधायला लागले. 

शेखर पलीकडच्या खडकावर उभा राहून दगड हातात घेऊन वजन बघत होता. बांधाला चालेल का, हे बघत असणार. त्याने एकदाही आमच्याकडे वळून पाहिलं नाही. फार प्रयत्नाने पाहत नव्हता.

परतीचा रस्ता

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सूर्य समुद्रातून वर येताना पाहिला, या वेळी बरोबर दिशेला तोंड करून. पाणी अजून लालच होतं. कौसरभाभीने डबा बांधून दिला. नातूरने सामान उतरवायला मदत केली आणि मधुराला म्हणाला, "मॅडम, अगली बार टब मत भरना." पहिल्या मजल्यावरच्या सुदानी बाईंनी इराच्या हातात खजुरांची पुडी ठेवली.

 ऑफिस दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. डोंगर मागे पडले, खडीचं मैदान आलं. शेखरचे दोन्ही हात चाकावर आणि नजर सरळ. मी वळून मागे पडलेले कापलेले डोंगर बघत होते. इरा झोपली होती.

धैदजवळ मधुराने फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडे इंटरनॅशनल सिटीच्या घराचा एजंट होता. मोठ्याने बोलणारा माणूस, त्यामुळे दोन्ही बाजू गाडीत ऐकू येत होत्या.

"हां भाई, ग्रीस वाला फ्लॅट. मार्च के बाद खाली करेंगे. बच्ची का इम्तिहान होते ही."

"ओहो. आप भी इंडिया जा रहे हो, मॅडम?"

"नहीं. खोर फक्कान."

"खोर फक्कान? कौन कौन?"

"तीनों."

"अरे, उधर कैसा है?"

मधुराने क्षणभर बाहेर पाहिलं. "पानी की थोडी तकलीफ है," ती म्हणाली. "बाकी ठीक है."

आम्हाला वळायचं होतं तो शारजाचा फाटा आला आणि गेला. शेखरचं लक्षच नव्हतं. बरंच पुढे जाऊन आम्हाला वळून यावं लागलं.